बाराच्या पाळीला बस नाही

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्यामुळे वसलेले ठिकाण. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथे उभा राहिला, त्याच्या आसऱ्याने वस्ती झाली, आणि कारखान्याचे संस्थापक पी. के. अण्णा पाटील यांच्या पुरुषोत्तम या नावावरून तिला नाव मिळाले. याच तालुक्यात उंटावद-होळ शिवारात लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाची सहकारी सूतगिरणी आहे. तो भाग कमलनगर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात अशा वस्त्यांची परंपरा जुनी आहे. किर्लोस्करवाडी १९१० साली माळावर वसली, पुढे वालचंदनगर झाले, आणि स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरापासून सहकारी साखर कारखान्यांची नगरे उभी राहिली. मालक शेठ असो की सभासद शेतकऱ्यांची संस्था, या सगळ्यांनी एक गोष्ट धरून चालायची ठरवली होती. गावापासून दूर कारखाना काढायचा तर माणसे कामावर येणार कशी आणि राहणार कुठे, हे आपल्यालाच पाहावे लागेल. म्हणून यंत्रांच्या आराखड्याबरोबर कॉलनीचा आराखडा झाला. आज नवा कारखाना, नवे रुग्णालय, नवे महाविद्यालय किंवा नवी औद्योगिक वसाहत उभी राहताना पाणी, वीज, भूखंडाचा दर या सगळ्यांचे बोलणे होते. कामगार कामावर कसा पोहोचणार, हा प्रश्न मात्र त्या बोलण्यातून गळून पडला आहे. ती ज्याची त्याची खासगी बाब झाली आहे.

ती खासगी बाब नाही, असे मला म्हणायचे आहे. कामावर जाण्याचे साधन माणूस आपल्या आवडीने निवडतो, असे आपण समजतो. वाहतूक कोंडीवर लेख लिहिले जातात तेव्हा 'लोकांनी सार्वजनिक वाहतूक वापरावी', 'सायकलकडे वळावे' असे आवाहन होते. जणू लोक हट्टाने मोटारसायकल काढतात. प्रत्यक्षात कामाची जागा, पाळी सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळ, पगारात भागेल असे घर किती अंतरावर मिळते, मधला रस्ता कसा आहे आणि कामाच्या ठिकाणी गाडी लावायला काय सोय आहे, एवढ्या गोष्टी आधीच ठरून गेलेल्या असतात. यांतल्या निम्म्या गोष्टी नोकरी देणारा ठरवतो आणि उरलेल्या परिसर ठरवतो. कामगाराच्या वाट्याला उरतो तो निर्णय फार लहान असतो.

साखर कारखान्याचेच पाहू. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो. गव्हाणीत ऊस पडत राहिला पाहिजे, बॉयलरची वाफ टिकली पाहिजे, साखर शिजवण्याच्या पॅनवरचा माणूस हलून चालत नाही. पाळ्या सहसा चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार अशा असतात. मध्यरात्री बाराला भोंगा होतो. कॉलनीत राहणारा कामगार डबा घेऊन पाच-दहा मिनिटांत घरी पोहोचतो. त्याला वाहनाची गरजच पडत नाही. आठ-दहा किलोमीटरवरच्या गावातून येणारा हंगामी कामगार त्याच वेळी कानटोपी घालतो, स्वेटरवर जाकीट चढवतो आणि मोटारसायकलला किक मारतो. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याची थंडी हाडांत शिरते. रस्त्यावर समोरून उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या येत असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मळलेला किंवा पडलेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोके अंधारात दिसत नाहीत. या वेळी एसटी मिळेल का? खेड्यांतले एसटीचे वेळापत्रक शाळा, बाजार आणि तालुक्याच्या कचेऱ्या यांच्यावर बसवलेले असते. सकाळी गावातून तालुक्याला, संध्याकाळी परत, आणि शेवटची गाडी गावातच मुक्कामी. रात्री बाराला सुटणाऱ्या आणि बारालाच चढणाऱ्या पाळीशी या वेळापत्रकाचा काही संबंध नाही. शहादा तालुक्यात रेल्वेही नाही. सुरत-भुसावळ मार्ग तापीच्या दक्षिणेकडून नंदुरबार आणि दोंडाईचावरून जातो. म्हणजे या कामगाराने मोटारसायकल 'निवडली' असे म्हणणे म्हणजे निवडीला जागा होती असे मानणे. पाळीची वेळ कारखान्याने ठरवली, बसची वेळ महामंडळाने ठरवली, आणि या दोघांनी एकमेकांना कधी विचारले नाही.

देशाचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. २०११ च्या जनगणनेत, कामावर किती लांब आणि कशाने जाता, असा प्रश्न विचारला गेला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतली माणसे वगळून उरलेल्या सुमारे २० कोटी कामगारांपुरताच तो होता. त्यांपैकी सुमारे सहा कोटींना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता. साडेचार कोटींच्या आसपास लोक पायी जात होते. सायकलवाले अडीच कोटींहून थोडे अधिक, स्कूटर-मोटारसायकलवाले जवळपास तितकेच, आणि बसने जाणारे सव्वादोन कोटींच्या वर. मोटारीने जाणारे जेमतेम ५४ लाख. हे आकडे वाचून काही जणांना आनंद होतो: आपला देश किती पर्यावरणस्नेही! पण पायी जाणारे हे कोट्यवधी लोक पर्यावरणाच्या प्रेमापोटी चालत नाहीत. काम जवळ आहे म्हणून काही चालतात, आणि भाड्याला पैसे नाहीत किंवा गाडीच नाही म्हणून बाकीचे चालतात. या दोन्ही प्रकारांत कामगाराची आवड दुय्यम आहे. काम घराजवळ ठेवले तर माणूस चालतो, आणि लांब नेले तर हाती पैसा येताच तो दुचाकी घेतो. हे सांगायला कुणाचे मन तपासावे लागत नाही, अंतर मोजले की पुरे.

मालकाने जागा बदलली की काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. परळ, लालबाग, वरळी, नायगाव या भागांत गिरण्या आणि चाळी एकमेकांना खेटून होत्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी याच परिसरात आहेत. भोंगा वाजला की माणसे जिन्यावरून उतरून चालत गिरणीत जायची. खोल्या अंधाऱ्या होत्या, एकेका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने झोपायची, हे विसरता कामा नये; पण कामावर जायला कुणाला गाडी लागत नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर पुढे काचेच्या इमारती उठल्या. जागा तीच राहिली, तिथे रोज येणाऱ्या माणसांची संख्याही प्रचंडच होती, फक्त ही माणसे आता डोंबिवली, विरार, बदलापूर, पनवेलहून येऊ लागली. कार्यालये उभी करणाऱ्यांनी तळघरात मोटारींचे मजले काढले, कारण नियमात ते होते. लोकलने येणाऱ्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी स्थानक आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, कार्यालये भरण्याच्या वेळी, पाऊस कोसळत असताना एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. त्या दिवशी दोष अफवेला दिला गेला, पावसाला दिला गेला, रेल्वेला तर दिलाच गेला. हजारो माणसांना एकाच तासात एका अरुंद जिन्यावर बोलावणाऱ्या कार्यालयांचे नाव कुठे आले नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते. एखाद्या भागात पाचशे माणसांना रोज बोलावणे ही त्या भागाच्या रस्त्यावर आणि स्थानकावर टाकलेली मागणी आहे, आणि ती करणारा कुणीतरी आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. वाहतूक हे सरकारचे काम. मालकाने माल करावा, पगार द्यावा, कर भरावा. त्याच्याकडून बसची अपेक्षा का करायची? या आक्षेपाचे एक उत्तर साखर कारखान्याच्या रोजच्या व्यवहारातच आहे. महाराष्ट्रात ऊस तोडून कारखान्यापर्यंत आणण्याची व्यवस्था शेतकरी करत नाही, कारखाना करतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वळता करून घेतो. त्यासाठी शेती खाते असते, गट कार्यालये असतात. कोणत्या शिवारात कोणाची किती एकर लागण आहे, ती कोणत्या तारखेची आहे, कोणती टोळी कधी जाणार आणि कोणती गाडी लागणार, याचा कार्यक्रम हंगामाआधी लागतो. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही तर साखरेचा उतारा घटतो, म्हणून ही सगळी दक्षता. ऊस शेकडो शेतांत विखुरलेला असतो, तरी त्याची ने-आण जमते. कामगार मात्र वीस-पंचवीस गावांत विखुरलेले आहेत, म्हणून त्यांची ने-आण अशक्य मानली जाते. ज्या संस्थेला कच्च्या मालाच्या वाहतुकीचे इतके बारीक नियोजन येते, तिला तीन पाळ्यांच्या माणसांचे येणार नाही, हे पटत नाही. उसाची वाहतूक हा धंद्याचा खर्च आणि माणसाची वाहतूक हा माणसाचा खर्च, ही विभागणी कुठल्या आर्थिक नियमाने झालेली नाही. ती सवयीने झाली आहे.

दुसरे उत्तर शेतात मिळते, आणि ते जास्त बोलके आहे. गेल्या काही वर्षांत शेतमजूर मिळणे अवघड झाले आहे. कापूस वेचायला, मिरची तोडायला, निंदणीला बायका हव्यात तर शेतकऱ्याचे आता नुसती मजुरी सांगून भागत नाही. ॲपे रिक्षा किंवा पिकअप गावात पाठवावी लागते आणि भाडे त्यालाच द्यावे लागते. पाच-सात एकरांचा शेतकरी, ज्याच्या मालाचा भाव त्याच्या हातात नाही, तो आपल्या मजुरांची ने-आण करतो. मग मोठ्या संस्थांना ते परवडत नाही, हे म्हणणे कसे टिकेल? फरक परवडण्याचा नाही, गरजेचा आहे. मजूर कमी आणि काम जास्त झाले की मालक गाडी पाठवतो. नोकरीसाठी रांग लागलेली असली की नोकरी शोधणारा आपापली गाडी शोधतो. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मजूर आणण्याची जबाबदारी कुणावर लिहिलेली नसल्यामुळे स्वस्तात स्वस्त गाडी ठरते, माल वाहायच्या पिकअपमध्ये वीस-पंचवीस माणसे उभी राहतात. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळच्या सिंदीदिगर घाटात मजुरांची गाडी दरीत कोसळून माणसे दगावली. धडगाव, अक्कलकुवा भागातली आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात तेव्हा कोणत्या गाडीने जायचे, हे मुकादम ठरवतो. बिऱ्हाड, भांडी, लहान मुले, कोंबड्या एकाच ट्रकवर चढतात. त्यातल्या एकालाही कुणी, कशाने येणार, असे विचारलेले नसते.

कायद्याने हा प्रश्न फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने पाहिला. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन घर ते कामाच्या वाटेवरचा अपघात कामावरचा अपघात मानला जाऊ लागला. पण साखर कारखाने हंगामी कारखान्यांत मोडत असल्याने त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात एक रखवालदार होता. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. एप्रिल २००३ मध्ये तो पाळीवर जायला मोटारसायकलने निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अपघात कारखान्याच्या आवारात झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर घरून कामावर येतानाचा अपघातही नोकरीच्या ओघातला अपघात आहे, असे न्यायालयाने म्हटले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कामावर येण्या-जाण्यातल्या अपघाताला जागा मिळाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाकडे भरपाईचा निकाल म्हणून पाहिले गेले. मला त्यातली पहाटेची वेळ महत्त्वाची वाटते. तीन वाजता गेटवर हजर राहायला सांगितले, त्या क्षणी कारखान्याने त्या माणसाचे वाहनही ठरवले होते. अडीच वाजता त्या रस्त्यावर मोटारसायकलशिवाय दुसरे काय मिळणार होते? बावीस वर्षांनी न्यायालयाला जे दिसले, ते पाळीचा तक्ता करणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसायला हरकत नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र कायद्याने ही जबाबदारी आधीच मान्य केली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवता येते, पण तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. म्हणजे रात्रीचा परतीचा प्रवास हा कामाचाच भाग आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. ते एका गटापुरते आणि काही तासांपुरते आहे, इतकेच. या तत्त्वाअभावी काय होते तेही दिसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आणि गाड्यांमधली स्त्री प्रवाशांची संख्या वाढली. सवलतीचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण सूतगिरणीतली पाळी सुटते त्या वेळी गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाने काही होत नाही. ती बाई एक तर भावाला किंवा नवऱ्याला दुचाकी घेऊन बोलावते, नाही तर ती नोकरीच घेत नाही. कामाला न आलेल्या या बायका कोणत्याही वाहतुकीच्या पाहणीत मोजल्या जात नाहीत.

सरकार स्वतः सर्वांत मोठा मालक आहे, आणि त्याचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखा आहे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेवक यांनी मुख्यालयी राहावे असा नियम जुना आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात 'अपडाऊन' हा कायमचा वादाचा विषय आहे. गावात राहतो हे दाखवण्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणायला लावणारा शासन निर्णयही २०१९ मध्ये निघाला. हेतू चांगला आहे. शाळेत आणि उपकेंद्रात माणूस हजर हवाच. पण राहण्याजोगे घर, मुलांची शाळा, आजारपणात दवाखाना यांतले काही आसपास नसेल तर ठराव कागदावर येतो आणि माणूस शहाद्याहून किंवा नंदुरबारहून मोटारसायकलने येत राहतो. परिसर न बदलता नुसता नियम केला की असे होते. उलट बाजूही आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी ठेवली. कुणाला प्रवचन दिले नाही, कुणाचे मन वळवले नाही. तरी ज्या शनिवारी कार्यालये भरत असत, त्या शनिवारच्या लाखो फेऱ्या एका आदेशाने थांबल्या. मालकाच्या एका सहीत केवढी ताकद असते, ते इथे दिसते. मुलींच्या शाळेसाठी मानव विकास कार्यक्रमात निळ्या एसटी बस दिल्या गेल्या, राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत, नंदुरबारसह. त्या गाड्यांची वेळ शाळेच्या वेळेवर बसवली. आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीही मिळाल्या. म्हणजे संस्थेच्या घंटेला गाडीची वेळ जोडणे या राज्याला येते, शहादा-तळोद्याच्या रस्त्यांवरही येते. शाळेसाठी जे केले ते कारखान्याच्या पाळीसाठी केले गेले नाही, एवढेच.

परदेशातला एक अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण त्यात कामगार तेच राहिले, रस्ते तेच राहिले आणि फक्त मालकाचा व्यवहार बदलला. अमेरिकेत बहुतेक कंपन्या कर्मचाऱ्यांना गाडी लावायला फुकट जागा देतात. कॅलिफोर्नियाने १९९२ साली कायदा केला की जी कंपनी भाड्याची जागा घेऊन ती कर्मचाऱ्याला फुकट देते, तिने जागा नको असणाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने आठ कंपन्यांत याचा परिणाम तपासला. एकट्याने मोटार चालवत येणाऱ्यांचे प्रमाण शंभरात ७६ वरून ६३ वर आले. उरलेले बसने, चालत, सायकलने किंवा एकमेकांच्या गाडीत येऊ लागले. त्यांच्या आवडी रातोरात बदलल्या नव्हत्या. फुकट जागा म्हणजे गाडीवाल्यालाच मिळणारा भत्ता होता. तो सगळ्यांना सारखा मिळू लागला. आपल्याकडे कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या आवारात मोटारसायकलींसाठी पत्र्याची शेड असते, साहेबांच्या गाड्यांना सावली असते. चालत आणि बसने येणाऱ्यासाठी गेटबाहेर उभे राहायला निवाराही नसतो. फ्रान्सने तर १९७१ साली पॅरिसच्या परिसरात आणि नंतर इतर शहरांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या मालकांवर वाहतुकीसाठी वेगळा कर बसवला आणि त्यातून शहरांच्या बस आणि ट्राम उभ्या राहिल्या. कामगाराच्या पासाचा निम्मा खर्चही तिथे मालक देतो. कामगारांना एका जागी बोलावण्याचा फायदा ज्याला होतो, त्याने त्या बोलावण्याचा खर्चही उचलावा, हा विचार तिथे पन्नास वर्षे रुळला आहे. आपल्याकडे प्राप्तिकरात दरमहा १६०० रुपयांपर्यंतच्या वाहतूक भत्त्याला असलेली सूट २०१८ च्या अर्थसंकल्पात प्रमाणित वजावटीत मिसळून गेली. पण मालकाने घर ते कार्यालय ने-आण करणारी गाडी दिली तर तो कर्मचाऱ्याचा करपात्र लाभ धरला जात नाही. कायद्याने दार उघडे ठेवले आहे, त्यातून जाणारे कमी आहेत.

मोटारसायकल लोकांना आवडते, तिच्यावर त्यांचा जीव आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. खेड्यात ती दुधाची किटली नेते, शेतात खत नेते, बाळंतिणीला दवाखान्यात नेते. शहाद्याच्या बाजारातून रात्री उशिरा घरी येता येणे हे एका पिढीपूर्वी शक्य नव्हते, ते तिने शक्य केले. ती कुणाकडून काढून घ्यावी असे कुणी म्हणत नाही. पण जवळ असणे वेगळे आणि तिच्याशिवाय नोकरीच न टिकणे वेगळे. हंगामी कामगाराचा पगार वर्षातले काही महिनेच पूर्ण मिळतो, हप्ता मात्र बारा महिने जातो. ज्याच्याकडे गाडी नाही, परवाना नाही, डोळ्याला कमी दिसते किंवा पाय अधू आहे, त्याच्यासाठी ती नोकरी जाहिरातीतच संपते. त्याशिवाय, ज्या रस्त्यावर कारखान्याच्याच ट्रॉल्या साइडपट्टी खाऊन चालतात, त्या रस्त्यावर सायकलवाल्याने दुचाकी घेतली तर त्याला आवड म्हणता येत नाही. तो जीव वाचवतो आहे.

कॉलनीकडे परत जावे, असाही माझा आग्रह नाही. कॉलनीचे घर नोकरीला बांधलेले असते. निवृत्त झाले की खोली सोडावी लागते आणि तक्रार केली तर डोक्यावरच्या छपराचा विचार करावा लागतो. साहेबांचे बंगले आणि कामगारांची घरे यांतले अंतर तिथे रोज डोळ्यांसमोर असते. हंगामी आणि कंत्राटी माणसाला तर सहसा तिथे जागाच नसते. मालकाने माणसाचे सगळे आयुष्य आपल्या कुंपणात घ्यावे, अशी ती जुनी रीत होती आणि ती मोडली त्याचे दुःख करायचे कारण नाही. ती मोडताना, माणूस कामावर पोहोचवणे हा कामाचाच भाग आहे, ही तिच्यातली खरी गोष्ट मात्र टाकून दिली गेली. तेवढी परत घ्यायला हवी.

उरतो पैशांचा प्रश्न. अनेक सहकारी कारखाने कर्जात आहेत, पगार थकतात, अशा वेळी बसची मागणी म्हणजे चैन वाटू शकते. पण सुरुवात बसपासून करावी लागत नाही. पाळीची वेळ अर्ध्या तासाने सरकवून ती शेवटच्या किंवा पहिल्या एसटीशी जुळवायला एकही रुपया लागत नाही; आगाराशी एक पत्रव्यवहार लागतो. एकाच गावच्या कामगारांना एकाच पाळीत ठेवले तर चार मोटारसायकलींच्या जागी दोन येतात, आणि आठ-दहा माणसे असतील तर एक जीप भरते. प्रत्येक ट्रॉलीला दिवा आणि रिफ्लेक्टर असल्याशिवाय गव्हाणीकडे सोडायचे नाही, हा नियम गेटवरच पाळता येतो, कारण वजनकाट्यावरून गेल्याशिवाय कुणाचाही ऊस मोजला जात नाही. गेटपासून हमरस्त्यापर्यंत दिवे आणि चालायला पट्टी एवढे बांधकाम तर कारखान्याच्या स्वतःच्या आवारातले आणि दारातले आहे. त्यानंतर बसचा विचार. एसटी लग्नाला आणि सहलीला प्रासंगिक करारावर गाडी देते, तशी हंगामापुरती पाळीची गाडी ठरवण्याचे बोलणे करता येईल. भाड्याचा काही भाग कारखान्याने आणि काही कामगारांनी उचलावा. बॉयलरचे अग्निप्रदीपन सहसा ऑक्टोबरमध्ये होते. त्याआधी ऊसतोडीच्या कार्यक्रमासाठी शेती खाते गावांची यादी घेऊन बसतेच. त्याच टेबलावर कामगारांच्या गावांची यादी आणि शहादा आगाराचे वेळापत्रक ठेवायला हवे.